लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी राहिलेलं केटीएन

मागच्या महिन्यात समोरच्या काकींचा माळा आवरायला मदत करत होते, तर पत्र्याच्या ट्रंकेत सात व्हीएचएस कॅसेट निघाल्या. काकी म्हणजे आमच्या नैरोबीवाल्या काकी, दांडिया बाजारात आमच्या अगदी समोर राहतात. 1993 ला तिकडचं सगळं गुंडाळून बडोद्याला आल्या तेव्हा मी आठवीत होते. आमचं घर मराठी, त्यांचं गुजराती, पण आईची पुरणपोळी तिकडे आणि त्यांचा लीलो चेवडो इकडे असं इतकी वर्षं चालूच आहे, त्यामुळे त्या मला परक्या कधी वाटल्याच नाहीत.

एका कॅसेटवर गुजरातीत लिहिलेलं, लग्न, भाग 2. रावपुऱ्यात एक जण अजून जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर घेऊन देतो, त्याच्याकडे गेले. रिबिनीला पांढरी बुरशी लागली होती. त्याने झाकण उघडून कापसाने इंच इंच पुसली, मग लावली. लग्न नैरोबीतल्या पार्कलँड्समधलं. वरात, हार, जेवणाची पंगत, कुणाचं तरी रडणारं बाळ, आणि मग पडद्यावर मुंग्या. दुकानदार बंद करायला गेला, मी म्हटलं थांबा जरा. मुंग्या संपल्या आणि एकदम एक बाई इंग्लिशमध्ये बातम्या वाचताना दिसल्या, खांद्याला पॅड लावलेलं जाकीट, मोठे कानातले, आवाज इतका शांत आणि स्वच्छ. चाळीसेक सेकंद. म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगवर लग्न टेप केलं आणि लग्न जिथे संपलं तिथून पुढे जुनं तसंच राहिलं.

घरी येऊन काकींना मोबाईलवर दाखवलं तर त्या उठून बसल्या, "आ तो अमारुं केटीएन! अने आ कॅथरीन!" केटीएन म्हणजे त्यांचं तिकडचं टीव्ही चॅनल.

त्यानंतर दोन संध्याकाळी आम्ही दुसरं काही बोललोच नाही. काही त्यांनी सांगितलं, काही मी शोधून वाचलं, आणि मला ते इथे लिहून ठेवायचंय कारण आपल्याकडे आफ्रिकेच्या टीव्हीबद्दल कुणी बोलतच नाही.

केनियात टीव्ही आला 1962 ला. पुढची अठ्ठावीस वर्षं एकच सरकारी चॅनल, आधी व्हॉइस ऑफ केनिया, मग केबीसी. आपल्या दूरदर्शनसारखंच, फक्त तिथे बातम्या सुरू झाल्या की पहिली बातमी राष्ट्राध्यक्ष मोई आज कुठे गेले हीच, काकी म्हणतात आम्ही तेवढ्या वेळात भाकरी करून घ्यायचो. मार्च 1990 मध्ये केनिया टेलिव्हिजन नेटवर्क, म्हणजे केटीएन, सुरू झालं. देशातलं पहिलं खासगी चॅनल. सुरुवातीला बराच वेळ सीएनएनच दाखवायचे. आता बघा, आपल्याकडे झी आलं ऑक्टोबर 1992 ला, तेही सॅटेलाइटवरून, डिश लावून, केबलवाल्याकडून. आणि केटीएन नैरोबीत साध्या अँटेनावर दिसायचं. जमिनीवरच्या टॉवरवरून खासगी चॅनल दाखवायची मुभा आपल्या देशात आजपर्यंत कुणाला मिळालेली नाही, त्यांच्याकडे ती 1990 ला मिळाली. हे मला खरंच माहीत नव्हतं.

पण ही मुभा मिळाली कशी, ते मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. चॅनल उभं केलं जॅरेड कांगवाना यांनी, आणि त्याच्यामागे होता केनिया टाइम्स मीडिया ट्रस्ट, म्हणजे तेव्हा सत्तेत असलेल्या, मोईंच्या कानू पक्षाचं वर्तमानपत्र आणि ब्रिटनचा पेपरवाला रॉबर्ट मॅक्सवेल यांची भागीदारी. थोडक्यात घरचंच लेकरू. याच ट्रस्टला उहुरू पार्कमध्ये साठ मजली टॉवर बांधायचा होता, समोर मोईंचा भलामोठा पुतळा. उहुरू पार्क म्हणजे नैरोबीतली मोठी सार्वजनिक बाग, आपल्या बडोद्याची कमाटीबाग समजा, रविवारी सगळं शहर तिथे. आपल्या कमाटीबागेत कुणी साठ मजले बांधायला निघालं तर कसं वाटेल? पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी माथाई 1989 ला याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, पत्रांवर पत्रं लिहिली, पार्लमेंटमध्ये त्यांची टिंगल झाली, तरी हटल्या नाहीत आणि शेवटी टॉवर बारगळला. 2004 ला शांततेचं नोबेल मिळालं त्या याच. काकींनी त्यांना लांबून एकदा बघितलंय, ते सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो.

म्हणजे टॉवर झाला नाही, चॅनल मात्र झालं. आणि सत्तेच्या मांडीवर वाढलेलं हे चॅनल हळूहळू सरकारला नको ते दाखवायला लागलं. 1991 च्या डिसेंबरात एकच पक्ष चालेल हा नियम रद्द झाला, पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या, आणि लोकांना तेव्हा पहिल्यांदा टीव्हीवर विरोधी पक्षाचे चेहरे नीट बघायला मिळाले. त्या कॅथरीन म्हणजे कॅथरीन कसावुली, केटीएनच्या पहिल्या न्यूज अँकर, आधी सरकारी चॅनलवर होत्या. काकी म्हणतात आमच्या बिल्डिंगमधल्या मुली त्यांच्यासारखे केस करून घ्यायच्या.

नव्वदच्याच दशकात केटीएन स्टँडर्ड नावाचं वर्तमानपत्र काढणाऱ्या स्टँडर्ड ग्रुपकडे गेलं. आणि मग आली 2 मार्च 2006 ची रात्र. तोंडं झाकलेले हत्यारबंद पोलीस स्टँडर्डच्या ऑफिसात आणि प्रेसमध्ये घुसले, छापलेले पेपर जाळले, कॉम्प्युटर उचलून नेले, केटीएन बंद पाडलं. कारण काय तर किबाकी विरोधी गोटातल्या एका नेत्याला गुपचूप भेटले अशी बातमी पेपरात आली होती. किबाकी म्हणजे मोईंच्या पक्षाला हरवून आलेले राष्ट्राध्यक्ष, ज्यांच्याकडून लोकांना केवढ्या आशा होत्या! मंत्री मिचुकी जाहीरपणे म्हणाले की सापाला डिवचाल तर डसणारच. एका मंत्र्याने स्वतःच्या सरकारला साप म्हणावं, हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसले.

2007 च्या निवडणुकीनंतर दंगे पेटले तेव्हा थेट प्रक्षेपणावर बंदी. 2015 ला टीव्हीचं प्रक्षेपण डिजिटल करण्यावरून सरकारशी झालेल्या भांडणात केटीएन आणि बाकीची मोठी चॅनल्स जवळपास तीन आठवडे काळी. आणि 30 जानेवारी 2018 ला विरोधी नेते राईला ओडिंगांनी स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, ते लाइव्ह दाखवतात म्हणून केटीएन, एनटीव्ही, सिटिझन तिन्हींचा सिग्नल सरकारने कापला. हायकोर्टाने दोन दिवसांत सांगितलं चालू करा, तरी लगेच केलं नाही, दिवसावर दिवस गेले. शपथ कुठे घेतली माहितेय? उहुरू पार्कमध्ये. जिथे टॉवर उभा राहायचा होता तिथेच.

कसावुली 2022 च्या डिसेंबरात कॅन्सरने गेल्या. काकींना ते माहीत नव्हतं, मीच त्या संध्याकाळी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मोबाईल हातात घेऊन तो तुकडा परत लावला, आवाज मोठा केला. मग म्हणाल्या, लग्न टेप करताना तुझ्या काकांना मी तेव्हा खूप बोलले होते, माझ्या बातम्यांची कॅसेट का घेतलीस म्हणून.

बाकीच्या सहा कॅसेट उद्या रावपुऱ्यात नेते आहे. दुकानदाराला सांगितलंय, लग्न संपलं तरी मशीन थांबवू नका, रिबीन पार संपेपर्यंत चालू द्या.