आडवी चिकटपट्टी

वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यालय होतं. १७ जून १९७२च्या पहाटे तिथे पाच जण घुसले. दार आपोआप बंद होऊ नये म्हणून लॅचची जीभ आत दाबून वर चिकटपट्टी लावलेली, तीही आडवी. उभी असती तर मिटलेल्या दारात दडली असती. आडव्या पट्टीची टोकं बाहेर डोकावतात. रखवालदार फ्रँक विल्सने ती काढली; पुढच्या फेरीत पाहतो तर नवी पट्टी. मग पोलीस आले, धागे थेट राष्ट्राध्यक्ष निक्सनपर्यंत पोचले, आणि १९७४च्या ऑगस्टमध्ये ते राजीनामा देऊन गेले.

मागे उरलं ते 'गेट'. हॅम्बर्गर मुळात हँबुर्ग गावचा, पण लोकांनी त्यातला 'बर्गर' तोडून चीजला जोडला. तसंच वॉटरगेटमधलं 'गेट' तोडून कुठल्याही घोटाळ्याच्या नावाला जोडलं. गंमत म्हणजे अशी गेटं पाडण्यात आघाडीवर होते विल्यम सफायर, निक्सनचेच माजी भाषणलेखक. कृती सोपी: पुढे एखादं छोटं, ओळखीचं नाव लावायचं. १९८६चं इराणगेट पाहा, म्हणजे अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण. देवनागरीत मात्र पंचाईत होते. २०१२मध्ये 'कॅग'ने कोळसा खाणवाटपात खासगी कंपन्यांच्या फायद्याचा १.८६ लाख कोटींचा आकडा काढला आणि 'कोलगेट' गाजलं. इंग्रजीत निदान एका अक्षराचा फरक होता. आपल्या मथळ्यात थेट टूथपेस्टच.

त्यापेक्षा जुने शब्द बरे, त्यांना वास तरी आहे. 'स्लश फंड' घ्या. शिडाच्या जहाजावर खारवलेलं मांस उकळलं की चरबी तरंगायची, तीच स्लश. आचारी ती काढून पिंपात भरायचा. काही डोलकाठ्यांना फासायची, उरलेली बंदरात साबण-मेणबत्तीवाल्यांना विकायची. त्या वरकड पैशातून खलाशांची किरकोळ चैन व्हायची. हिशेबाबाहेरच्या राजकीय पैशाला हे नाव चपखल बसलं. १९५२मध्ये निक्सन अशाच अठरा हजार डॉलरांच्या फंडावरून अडचणीत आले होते, म्हणजे हा गृहस्थ दोन्ही शब्दांत आहे.

१८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघ नव्याने आखण्याच्या कायद्यावर सही केली. एसेक्समधला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला की बॉस्टनच्या वर्तमानपत्राने त्याच्या नकाशाला पंख आणि नख्या चितारून सॅलॅमँडर (पालीसारखा प्राणी) केला: गेरीमँडर. बिचारे गेरी 'ग'चे. शब्द झाला 'ज'चा, जेरीमँडर. मराठीत ते सोयीचंच, मतदार जेरीस येतो.

खुद्द 'स्कँडल' ग्रीक 'स्कँडालॉन'मधून आलं. म्हणजे सापळ्यातली आमिष लावायची काडी. आपल्याकडे तिथे भजं लावतात.