थर्मोकोलचे गोळे, प्रगती: गळती आटोक्यात, पहिला आलेख हातात

थर्मोकोलच्या गोळ्यांवर कूलोमचा नियम तपासतोय: दोन चार्जमधलं (विद्युतभारांमधलं) बल त्या चार्जच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे अंतर निम्मं केलं की बल चौपट. मागच्या वेळी गाडी अडली होती ती चार्जच्या गळतीपाशी. दोन गोळे एकाच खिळ्याला टांगून चार्ज दिला की ते 9 सेंमी फाकायचे आणि चार मिनिटांत 6 वर यायचे. अंतर एक तृतीयांशानेच घटलं असं वाटतं, पण या मांडणीत चार्ज अंतराच्या दीडव्या घाताने बदलतो. म्हणजे तेवढ्यात जवळजवळ निम्मा चार्ज पळालेला. असल्या गोळ्यांवर कूलोमचा नियम तपासायला जाणं म्हणजे फुटक्या मापाने पाणी मोजणं.

आधी दोष हवेतल्या दमटपणाला दिला. तो होताच, पण मोठा चोर दुसरा निघाला: माझीच बोटं. गाठी मारताना तंगुसाला हाताचा घाम लागतो आणि त्या पुसट ओलसर थरावरून चार्ज सरळ खिळ्यापर्यंत चालत जातो. नवी तंगूस घेतली, स्पिरिटने पुसली, गाठी चिमट्याने मारल्या आणि शेवटी केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा दिली. आता निम्मा चार्ज जायला पंचवीसेक मिनिटं लागतात. एवढा वेळ रग्गड झाला.

मांडणीही बदलली. आता एकच गोळा टांगलेला आहे, तोही इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तंगुसांवर, म्हणजे तो गरगर न फिरता एकाच रेषेत झुलतो. दुसरा गोळा अ‍ॅक्रिलिकच्या कांडीवर घट्ट बसवून सरकत्या स्टँडवर. दोन्ही 3 सेंमी व्यासाचे, वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. टांगलेल्याचं वजन 0.6 ग्रॅम, खिळ्यापासून केंद्रापर्यंतची उभी उंची 60 सेंमी. या आकड्यांचा फायदा असा की गोळा 1 मिमी सरकला म्हणजे साधारण 10 मायक्रोन्यूटन बल. गणकयंत्राला हात न लावता वाचता येतं.

आता फजिती सांगतो. सरकलेलं अंतर वाचायला मी मागे आलेखकागद लावून त्यावर गोळ्याची सावली पाडतो. विजेरीच्या भिंगामुळे सावलीला कडाच येईना, म्हणून गोळ्यापासून वीतभर अंतरावर मेणबत्ती ठेवली. सावली छान आली. पीव्हीसीचा पाइप लोकरीवर घासला, गोळ्यांना टेकवला, ते झटक्यात दूर गेले आणि बघता बघता परत जागेवर! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. पुन्हा तंगूस पुसत बसलो. डोक्यात प्रकाश पडायला अर्धा तास गेला: ज्योतीतून सतत आयन (चार्ज असलेले अणु-रेणू) निघत असतात, चार्ज असलेला गोळा त्यातले विरुद्ध चार्जचे आयन ओढून घेतो आणि स्वतः रिता होतो. मेणबत्ती फुंकली आणि गळती थांबली. आता उघडा एलईडी 3 मीटर लांब ठेवलाय, त्यामुळे सावली गोळ्याच्या मापाचीच पडते. वाचनही जवळ वाकून करत नाही, कारण माझं डोकं जवळ गेलं तरी गोळा तिकडे झुकतो. फोन तिवईवर ठेवून फोटो काढायचे.

वाचनं घेताना स्टँड लांबून जवळ आणि पुन्हा जवळून लांब नेतो आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी घेतो. गळतीचा परिणाम त्यात बराचसा कापला जातो. अंतर नेहमी केंद्रापासून केंद्रापर्यंत, तेही गोळा सरकल्यानंतरचं. 20 सेंमीवर गोळा 5 मिमी सरकला, 14 वर 10.5 आणि 10 वर 19.5. अंतर निम्मं, बल 3.9 पट! म्हणजे अंतराचा घातांक 1.96 येतो, नियमाप्रमाणे तो 2 हवा. मात्र अर्ध्या मिलीमीटरची चूक 5 मिमीच्या वाचनात दहा टक्के होते, तेव्हा 1.96 मधल्या त्या 6 वर मी पैजबिज लावणार नाही.

5 सेंमीवर मात्र 80 च्या आसपास यायला हवं होतं, तिथे 70 आलं. यात नियमाचा दोष नाही. नियम बिंदूंसाठी आहे आणि माझे गोळे चांगले जाडजूड. इतके जवळ आले की सारखे चार्ज एकमेकांना ढकलत गोळ्यांच्या पाठीकडे सरकतात, त्यामुळे त्यांच्यातलं खरं अंतर केंद्रांच्या अंतरापेक्षा वाढतं. म्हणून जवळची वाचनं आलेखातून सरळ गाळली.

10 सेंमीच्या वाचनावरून चार्ज काढला. दोन्ही गोळे आधी एकमेकांना टेकवले होते, त्यामुळे वाटणी समसमान धरली. उत्तर 14.6 नॅनोकूलोम (कूलोम हे चार्जचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग), म्हणजे प्रत्येक गोळ्यावर सुमारे 9,100 कोटी जास्तीचे इलेक्ट्रॉन. आणि हा एका कूलोमचा जेमतेम सात कोटीवा हिस्सा. एकेक कूलोमचे दोन चार्ज 1 मीटरवर ठेवले तर त्यांच्यात 9 लाख टन वजनाएवढं बल लागेल. उलट साध्या 2,000 मिलिअँपिअर-तासाच्या पेन्सिल सेलमधून आयुष्यभरात 7,200 कूलोम वाहून जातात आणि काहीच उडत नाही, कारण एका टोकातून जेवढा चार्ज बाहेर पडतो तेवढाच दुसऱ्या टोकातून आत येतो. कूलोम हे वाहत्या विजेचं माप आहे, साठलेल्या चार्जला ते ढगळच होतं. जुनं स्थितिविद्युत एकक (1 सेंमीवरच्या सारख्याच चार्जला 1 डाइन, म्हणजे 10 मायक्रोन्यूटन, बलाने ढकलणारा चार्ज) माझ्या गोळ्याला बरोबर बसतं: 44 एककं. 2019 पासून इलेक्ट्रॉनचा चार्ज 1.602176634 × 10⁻¹⁹ कूलोम असा कायमचा ठरवून टाकलाय, त्यामुळे आता कूलोम म्हणजे इलेक्ट्रॉनांची मोजदादच.

खुद्द कूलोमने 1785 साली पिळाच्या तराजूवर (तारेला किती पीळ पडला त्यावरून बल सांगणाऱ्या) हे मोजलं. चार्ज निम्मा करायची युक्ती साधी आहे: तेवढ्याच मापाचा कोरा गोळा टेकवायचा. तीही करून पाहिली. 10 सेंमीवर 19.5 चं 9 झालं. 9.75 यायला हवं होतं, पण टेकवाटेकवीत थोडं सांडतंच.

काल विरुद्ध चार्जचा प्रयत्न केला. पाइप जवळ धरून कांडीवरच्या गोळ्याला बोट लावायचं, बोट काढायचं, मग पाइप दूर न्यायचा, की त्यावर धन चार्ज उरतो. आकर्षणात अडचण अशी की टांगलेला गोळा मूळ अंतराच्या एक तृतीयांश सरकला की तोल सुटतो आणि तो दुसऱ्यावर जाऊन आदळतो. हिशेबाने ही जागा 11 सेंमीला यायला हवी. मी स्टँड 12 वर आणला, ‘टिच्’ असा आवाज आला आणि दोन्ही गोळे रिकामे. पुढच्या वेळी 16 च्या आत यायचं नाही.