झिजलेले पॅड

माउंटन बायकिंगने माणूस बदलतो असं कुणी म्हणालं, की डोळ्यांपुढे ठरलेला फोटो येतो. कड्याचं टोक, पसरलेले हात, मागे उगवता सूर्य. फोटो खरा असतो, पण त्यातून त्या माणसाचा स्वभाव काही कळत नाही, कारण माथ्यावर पोचल्यावर सगळेच उदार होतात. स्वभाव बघायचा असेल तर उताराच्या पायथ्याशी थांबावं, सायकलची दोन्ही चाकं काढावीत आणि डिस्क ब्रेकचे पॅड उजेडात धरावेत.

पॅड म्हणजे धातूची पट्टी आणि तिच्यावर घर्षणाचा थर. हा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा, हा साधा नियम. पण बदलण्याआधी पुढचे आणि मागचे शेजारी ठेवून बघण्यासारखे असतात. मागचे पट्टीला टेकलेले आणि पुढचे जवळजवळ कोरे असतील, तर मालक अख्खा उतार मागचा ब्रेक हलकासा दाबून उतरला आहे. थांबायचंही नाही आणि सोडायचंही नाही. अशा धरून ठेवलेल्या ब्रेकला गार व्हायला उसंत मिळत नाही. पॅडचा थर तापून गुळगुळीत, चकचकीत होतो, ब्रेक किंचाळायला लागतो, पकड जाते. पकड गेली म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो, मागचं चाक अडकतं आणि सायकल घसाऱ्यावरून आडवी सरकायला लागते. जपून उतरणाराच बऱ्याचदा पडतो, तो असा. टायरही साक्ष देतो: मागच्या टायरची मधली बोंडं एकाच जागी सपाट झालेली दिसतात.

मागचाच ब्रेक धरून ठेवायच्या या सवयीचं मूळ फार लहानपणी रुजलेलं आहे. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील’ हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी सायकल शिकलेलं नाही. सल्ला चुकीचा नव्हता, अर्धा होता. वेग कमी व्हायला लागला की वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि जमिनीवरची पकड पुढच्या चाकाकडे जाते. म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करू शकतो. तोंडावर आपटतो तो अंग वर आणि पुढे ठेवून एकदम दाबणारा. पेडल जमिनीला समांतर, टाचा खाली, गुडघे-कोपरं सैल, नितंब सीटच्या किंचित मागे. असं बसून एका बोटाने हळूहळू वाढवत दाबला, तर तोच ब्रेक सायकल निमूटपणे उभी करतो.

सराव सपाट मैदानात करावा. चुन्याची एक रेघ ओढायची, साधारण ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने तिच्यापर्यंत यायचं आणि रेघेवर ब्रेक लावायचा. सायकल कुठे थांबली तिथे खूण करायची. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा, मग दोन्ही. मागच्या आणि पुढच्या ब्रेकच्या खुणांमधलं अंतर बघितलं की लहानपणीचा धाक कोणत्याही भाषणापेक्षा लवकर उतरतो. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढचा असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींवर उलटं असतं. हे अंगणात तपासावं, उतारावर नव्हे.

या खेळाचा जन्मच ब्रेकच्या धुरात झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट तमालपैसच्या परिसरात, काही तरुण जुन्या, जडशीळ सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने उतरायचे. पेडल उलटं फिरवलं की लागणारा मागच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातला ब्रेक त्या उतारावर इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली आल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायचं, म्हणून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं. पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. आज हायड्रॉलिक ब्रेक एका बोटावर चालतात, तरी उतारभर ब्रेक धरून ठेवणारे आहेतच.

ब्रेक सोडायचा कुठे हे कळणं मात्र लावण्यापेक्षा अवघड. वळणाच्या आत ब्रेक लावला की टायरची जी पकड वळायला हवी ती थांबण्यात खर्च होते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, आत शिरताना बोट सैल सोडायचं, बाहेरचं पेडल खाली दाबायचं आणि सायकल कलवायची. अंग तुलनेने ताठच. दगडावर चढताना पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर चाक तिथेच अडतं आणि मालक पुढे जातो. तोच दगड मोकळं फिरणारं २९ इंची चाक सहज ओलांडतं. आणि नजर दगडावर ठेवायची नाही. ज्या दगडाकडे बघत राहाल त्यालाच धडकाल. १५ च्या वेगात सेकंदाला चार मीटर मागे पडतात, तेव्हा डोळे दहा-बारा मीटर पुढे हवेत. जवळच्या दगडाचा निर्णय दोन सेकंदांपूर्वीच झालेला असतो, आता त्याच्याकडे टक लावून काही सुधारत नाही. मोठ्या माणसाला हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मुलं पटकन शिकतात.

भीतीचं दुसरं घर म्हणजे टायर. पंक्चरच्या धास्तीने लोक पंचेचाळीस-पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासतात. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तोच सल्ला समजतात. इतका कडक टायर दगडावर बसत नाही, उडतो. सत्तर किलोच्या माणसाला २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पुरते. ट्यूब असेल तर तीसच्या आसपास, नाहीतर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. या आकड्यांना पंपावरचा काटा फारसा विश्वासाचा नाही, वेगळा डिजिटल गेज घ्यावा. बाभळीच्या काट्याला सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरच्या आत ओतायचा भोक बुजवणारा द्रव, हा उतारा आहे, २९ इंची चाकाला नव्वद ते शंभर मिलिलिटर. काटा उपटायचा, भोक खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवायचं आणि मिनिटभर थांबायचं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, हे काटा घुसेपर्यंत कुणाला आठवत नाही.

पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारा दुहेरी दांडा, तर वजनाच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. एअर फोर्कमधली हवा स्वाराच्या वजनावर ठरते. ते वजन हेल्मेट, बूट, पाठीवरची सॅक आणि तीन लिटर पाणी धरून असतं. लग्नाच्या वेळचं चालत नाही. पूर्ण तयारीनिशी पेडलवर उभं राहिल्यावर १२० मिलिमीटरचा फोर्क चोवीसेक मिलिमीटर दबला पाहिजे. वजन कमी सांगून हवा भरली तर पहिल्याच खड्ड्यात तो तळाला जाऊन ठणकतो. उलट फोर्क किती दबला हे दाखवणारी नळीवरची रबरी रिंग दिवसभर अर्ध्यावरच अडकलेली दिसली, तर हवा जास्त आहे.

चढाचं थोडक्यात: गिअर चढ सुरू होण्याआधी बदलावा. ऐन चढावर जोर देत बदलला की चेन करकरते आणि कधीतरी तुटते. सगळ्या कामांना उशीर करणारी माणसं इथे हमखास ओळखू येतात. सॅकमध्ये चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि आपल्याच फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवावा, तो दुसऱ्याचा बसत नाही. सीटच्या टोकाला बसून कोपरं खाली घेतली की पुढचं चाक उचललं जात नाही. उभं राहिलं तर मुरमावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उतरून ढकलायला लाज वाटायचं कारण नाही.

पावसाळ्यात मात्र पॅडवाचन फसतं. कोकणातला लाल चिखल पॅड कानशीसारखा घासतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मागच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागावर बसतो, त्यामुळे निर्भय माणसाचेही मागचे पॅड आधी संपतात. साधे रेझिन पॅड एका लांबच्या राइडमध्ये जाऊ शकतात. त्या दिवसांत धातूमिश्रित पॅड बरे; आवाज करतात, पण टिकतात. शेवाळलेल्या कातळावर ना ब्रेक, ना वळण, सरळ जायचं. काळ्या मातीत तर जाऊच नये. ती फ्रेम आणि टायरच्या मध्ये ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. शिवाय ओल्या पायवाटेवर पडलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते. सड्यांवरची फुलं बोटभर मातीत उगवतात, तिथे चाक घालणं हा निव्वळ अडाणीपणा. टेकडीवर सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा आणि दुपारी गुरं घेऊन येणारा गुराखी यांचा हक्क आपल्या आधीचा. थांबायचं, पाय टेकायचा, त्यांना जाऊ द्यायचं. ब्रेक उत्तम लागतात हे दाखवायची ती चांगली संधी आहे.

सहा महिन्यांनी कोरड्या हंगामातले पॅड पुन्हा शेजारी ठेवून बघावेत. पुढचे मागच्यांच्या बरोबरीने, किंवा थोडे जास्तच झिजलेले असतील तर उतारावर काहीतरी घडलं आहे. घरच्यांना त्याचा सुगावा लागेलच असं नाही.

नवे पॅड ट्रेकच्या आदल्या रात्री बसवू नयेत. आधी पॅडना ढकलणारे पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने मागे ढकलायचे, मग पॅड बसवून सपाट रस्त्यावर वीसच्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, चाक अडकू न देता, प्रत्येक ब्रेकवर पंधरा-वीस वेळा. तोवर पूर्ण पकड येत नाही. चेनला तेल थेंबाथेंबाने द्यावं. स्प्रे मारला आणि शिंतोडा रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर गेला, तर रोटर अल्कोहोलने पुसता येतो, पण तेल प्यालेले पॅड फेकूनच द्यावे लागतात, आणि मग वाचायला काही उरत नाही.