फोनवर हवामान दिसते, मग अंगणात यंत्रे कशाला?

घरी येणाऱ्यांची नजर अंगणातल्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीकडे गेली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. खिशातल्या फोनवर तापमान, पाऊस, वारा सगळे दिसत असताना तुम्ही रोज सकाळी वही घेऊन इथे का उभे राहता? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोनवरचा आकडा बहुतेक वेळा तुमच्या जागी कोणी मोजलेला नसतो. संगणकीय प्रारूप भूभागाचे काही किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनासाठी हिशेबाने एक आकडा काढते, तोच आपल्याला दिसतो. अंदाजासाठी ही पद्धत उत्तमच आहे आणि उद्या पाऊस येईल का, हे पाहायला मीही फोनच उघडतो. मात्र गडगडाटी ढगाची सर रस्त्याच्या एका बाजूला कोसळते आणि दुसरी बाजू कोरडी राहते, तेव्हा या अंगणात किती पाणी पडले हे इथला पर्जन्यमापकच सांगू शकतो.

तो दिसायला अगदी साधा असतो: वर नरसाळे, खाली बाटली आणि सोबत रेघा आखलेले काचेचे मोजपात्र. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. मोजपात्रातले पाणी कडेला काचेवर किंचित चढलेले असते, म्हणून डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा आणि मधल्या खोलगट भागाचा तळ ज्या रेघेवर असेल ती वाचायची. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे; पाहायलाच जमले नाही तर आडवी रेघ मारायची. शून्याचा अर्थ ‘पाहिले, पाऊस नव्हता’ आणि रेघेचा अर्थ ‘पाहिले नाही’. हा भेद पाळला नाही तर महिन्याच्या बेरजेवर विसंबता येत नाही. स्वयंचलित मापकात एक छोटे दुहेरी पात्र साधारण दर ०.२ मिलिमीटरला कलंडते आणि यंत्र ती कलंडणी मोजते. सोय मोठी, पण मुसळधार पावसात पात्र कलंडत असताना थोडे पाणी हिशेबातून निसटते आणि आकडा कमी येतो. शिवाय मुंग्या आणि कोळी यांना ही जागा फार आवडते. म्हणून साधा मापक मी अजून काढलेला नाही.

झडपांच्या पेटीची रचना थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याची, १८६४ सालची. उन्हात ठेवलेला तापमापी स्वतःच तापतो आणि हवेऐवजी स्वतःचेच तापमान सांगू लागतो. तिरप्या दुहेरी झडपांमधून हवा खेळती राहते आणि ऊन आत येत नाही. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे वाचनासाठी ते उघडले तरी ऊन यंत्रांवर पडत नाही. पेटीला मधूनमधून पांढरा रंग द्यावा लागतो. काळवंडलेली पेटी उष्णता शोषते.

माझा खरा जीव मात्र वायुभारमापकावर आहे. उष्ण कटिबंधात, वादळाचे दिवस सोडले तर, हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. सूर्याच्या उष्णतेने साऱ्या वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी अंगाला मुळीच जाणवत नाही, आलेखावर मात्र लख्ख दिसते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळच्या समुद्रातील हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याची दाबलहर पृथ्वीला अनेक फेऱ्या घालून गेली आणि जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या आलेखांवर काही काळाचा झटका उमटला. हजारो किलोमीटर दूर घडलेली गोष्ट घरातल्या यंत्राने टिपावी, याचे अप्रूप मला अजून आहे.

एवढ्यावर छंद एखादे वर्ष टिकेल, आयुष्यभर टिकतो तो दुसऱ्याच कारणाने. एखाद्या ठिकाणचे ‘सामान्य’ हवामान ठरवायला जागतिक हवामान संघटना ३० वर्षांची सरासरी धरते. सध्याचा कालखंड १९९१ ते २०२० असा आहे. म्हणजे एका माणसाच्या हातून एका जागेची अशी एखादीच सरासरी पुरी होते, फार तर दुसरी अर्धीमुर्धी. त्यासाठी जागा, वेळ आणि पद्धत बदलून चालत नाही. अडचण अशी की आपण काही बदलले नाही तरी भोवताल बदलत राहतो: कुंपणाजवळचे रोप वाढून झाड होते आणि मापकावर येणारा तिरपा पाऊस अडवते. अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट दूर असावा, असा नियम आहे. पण लहान अंगणात तो पाळणे कठीण, त्यामुळे झाड छाटले की तारीखही वहीत लिहावी. यंत्र बदलायचे झाले तर जुने आणि नवे किमान वर्षभर शेजारी-शेजारी चालवावे, म्हणजे दोन्हींतला फरक ऋतूनुसार कळतो. अशा शेऱ्यांवाचून नुसत्या आकड्यांचा भरवसा धरता येत नाही.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल, तर चकचकीत स्वयंचलित केंद्र आधी घेऊ नका. एक साधा पर्जन्यमापक उघड्या जागी, सरळ आणि घट्ट बसवा, वाचनाची एकच वेळ ठरवा आणि घरातल्या आणखी कोणाला तरी मोजपात्र वाचायला शिकवून ठेवा, कारण तुम्ही गावाला गेलात तरी पाऊस थांबत नाही.