लिंकनचा ९३ नंबर

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ना समुद्र, ना डोंगर, ना मोठ्या व्यावसायिक लीगमधला कुठला संघ. आहे तो लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, हस्कर्स. त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपतात. सामन्याच्या शनिवारी ८५ हजारांवर माणसं आत बसली की ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव म्हणजे ते मैदान. भाजी आणायची असेल तर सामना रंगात असताना जावं, दुकानात चिटपाखरू नसतं.

मला हा खेळ शेजारच्या आजोबांनी शिकवला. त्यांचा पहिला धडा असा, की बॉलकडे बघायचंच नाही, मधल्या धिप्पाड पोरांकडे बघायचं. आक्रमण करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि त्यांना अडवणाऱ्यांच्या अगदी मध्यभागी उभा असतो तो डिफेन्सिव्ह टॅकल. त्याच्या अंगावर बहुतेक वेळा दोघंजण एकदम सोडतात. आपल्या कबड्डीत पकड केली की निदान गुण तरी मिळतो. इथे क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूला आडवा केला, म्हणजे ‘सॅक’ केला, तरी फलक सहसा जागचा हलत नाही. समोरचा संघ काही यार्ड मागे जातो, एवढंच.

आजोबांचा लाडका ९३ नंबर म्हणजे एनडामुकाँग सू. हा मुलगा ओरेगनमधल्या पोर्टलंडचा. वडील कॅमेरूनहून आलेले, आई जमैकाची, पेशाने शिक्षिका. उंची सहा फूट चार इंच, वजन ३०० पौंडांच्या घरात, म्हणजे साधारण १३६ किलो. २००५ मध्ये तो लिंकनला आला, पण पहिली काही वर्षं त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. २००७ मध्ये तर हस्कर्सच्या बचावाची पार लक्तरं निघाली. कॅन्ससने एका सामन्यात ७६ गुण ठोकले. इथले जुने लोक तो आकडा आजही आवाज खाली आणून सांगतात. कारण या गावाला आक्रमणापेक्षा बचावाचाच अभिमान जास्त. सरावात पहिल्या फळीच्या बचावपटूंनी काळे जर्सी घालायचे, ही १९६० च्या दशकातली रीत. त्यांना ब्लॅकशर्ट्स म्हणतात आणि तो काळा शर्ट कमवावा लागतो.

२००८ मध्ये बो पेलिनी प्रशिक्षक म्हणून आले आणि सूचा खेळ पालटला. त्या वर्षी जुना वैरी कोलोरॅडोविरुद्ध एवढ्या जडशीळ माणसाने हवेतला पास पकडला आणि ३० यार्ड धावत जाऊन टचडाउन केला, म्हणजे बॉल थेट समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. मोसम संपल्यावर व्यावसायिक लीगचे दरवाजे उघडे होते. तो गेला नाही, शेवटचं वर्षही लिंकनमध्येच खेळला. विषय होता कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट, इंजिनीअरिंग कॉलेजातला. तो अभ्यासक्रम त्याने पुरा केला. (आई, हे वाचून ‘बघ, तोसुद्धा इंजिनीअर!’ असं म्हणणार हे मला माहीत आहे.)

मग ५ डिसेंबर २००९. टेक्सासमधलं आर्लिंग्टन, बिग ट्वेल्व्ह या कॉलेज संघांच्या गटाचा अंतिम सामना, समोर तोवर अपराजित असलेला टेक्सासचा संघ आणि त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय. त्या रात्री सूने १२ टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला पाडणं, आणि साडेचार सॅक केले. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला. मकॉयला तो एका हाताने खेचून भिरकावतो, ती क्लिप आजोबांनी मला बळजबरीने दाखवली. आता मी स्वतःहून बघते. हस्कर्सचं आक्रमण मात्र इतकं पांगळं, की साऱ्या सामन्यात एकही टचडाउन नाही. चार फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकचे, मिळून १२ गुण, तरीही आघाडी १२-१०. शेवटी मकॉयने बॉल मैदानाबाहेर फेकला, घड्याळ शून्यावर आलं, लाल शर्टवाले हस्कर्स नाचत आत धावले. पंचांनी व्हिडिओ तपासला आणि घड्याळात एक सेकंद परत घातला. तेवढ्यात ४६ यार्डांवरून किक, आणि १३-१२. टेक्सास जिंकलं. लिंकनमध्ये कुणाशी दोस्ती टिकवायची असेल तर त्या सेकंदाची बाजू घेऊ नये.

आठवड्याभरात हाइजमन ट्रॉफीचा निकाल लागला. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मानाचा पुरस्कार अलाबामाच्या मार्क इंग्रमला मिळाला, मकॉय तिसरा आणि सू चौथा. ज्याला सूने रात्रभर जमिनीवर लोळवलं, तो त्याच्या वर! असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सूलाच निवडलं. तो मान मिळवणारा तो पहिलाच बचावपटू. माझं स्पष्ट मत विचाराल तर मतदारांनी सामने कमी आणि टचडाउनचे तक्ते जास्त पाहिले होते.

पैशांचं सांगायचं तर त्या काळी कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे फारसं काही मिळत नसे. ९३ नंबरचे शर्ट दुकानात खपायचे, त्यातला छदामही सूचा नव्हता. स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा खेळाडूंना मिळाली ती जुलै २०२१ मध्ये, आणि २०२५ पासून तर विद्यापीठं स्वतःच त्यांना पैसे देऊ शकतात. म्हणूनच एप्रिल २०१० मधली एक गोष्ट मला फार आवडते. व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत डेट्रॉईट लायन्स संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडायच्या काही दिवस आधी, म्हणजे व्यावसायिक करार हातात नसतानाच, सूने विद्यापीठाला २६ लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. त्यातले २० लाख खेळाडूंच्या व्यायाम विभागासाठी आणि ६ लाख इंजिनीअरिंगच्या शिष्यवृत्तीसाठी. पुढे २०२१ मध्ये टॅम्पा बे संघाबरोबर त्याने सुपर बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामनाही जिंकला, पण इथे त्याचं कौतुक जेमतेम. ‘तो नंतरचा धंदा,’ असं आजोबा म्हणतात.

२०२४ चा हाइजमन कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाला. तो बचावात खेळतो, तसाच आक्रमणात पासही झेलतो. मी उत्साहाने आजोबांना म्हटलं, ‘बघा, बचाववाल्याला मिळाला की!’ ते म्हणाले, ‘अर्ध्याला मिळाला. आणि तोही कोलोरॅडोच्या.’