रिकाम्या हातांनी मागायचं

रात्र बरीच झाली आहे. बाबांना कूस बदलून दिली, चादर सारखी केली. झोप उडालीच आहे, तर लिहायला बसले.

आज संध्याकाळी बायबलमधल्या 2 राजे या पुस्तकाचा अध्याय 5 वाचला. नामानाची गोष्ट संडे स्कूलपासून ऐकलेली. तेव्हा लक्षात राहिली होती ती, नामान संदेष्ट्याकडे गेला तर बरा होईल असं सुचवणारी लहानगी दासी आणि यार्देन नदीतल्या 7 बुड्या. आज नजर अडकली ती त्याच्या सामानावर. अरामाचा हा सेनापती कोड बरं व्हावं म्हणून निघतो आणि सोबत 10 किक्कार रुपं म्हणजे चांदी, 6,000 शेकेल सोनं (किक्कार, शेकेल ही तेव्हाची वजनं), 10 पोशाख घेतो. म्हणजे तो मागायला निघालेलाच नाही, मोल मोजून घ्यायला निघाला आहे. संदेष्टा अलीशा तर बाहेरसुद्धा येत नाही. निरोप धाडतो, जा, यार्देनेत 7 वेळा स्नान कर. नामान भडकतो. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत, म्हणतो. कोड जायला हवं, पण मान राखून. शेवटी त्याला वळवतात ते त्याचे नोकर. संदेष्ट्याने एखादी अवघड गोष्ट करायला सांगितली असती, तर तुम्ही केली नसती का?

हा प्रश्न मला फार लागला, कारण अवघड ते सगळं मी करतेच आहे. बाबांची औषधं, अंघोळ, जागरणं. चर्चच्या मंडळीतलं कामही सोडलेलं नाही. प्रार्थनेच्या वहीत पानंच्या पानं दुसऱ्यांच्या विनंत्यांनी भरली आहेत. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, कुणाचं मोडत चाललेलं घर. उत्तर मिळालं की नावापुढे खूण करते. त्या वहीत माझं नाव कुठेच नाही. मी देवाचे आभार मानते, स्तुती करते, इतरांसाठी मध्यस्थी करते. स्वतःसाठी मागायची वेळ आली की जीभ जड होते.

याला मी नम्रता म्हणत आले. ज्यांचं दुःख मोठं आहे त्यांचं देवाने आधी बघावं, माझं काय एवढं! पण या बोलण्याच्या तळाशी वेगळंच काहीतरी आहे. मी देणारी आहे, घेणारी नाही, ही ओळख मला सोडवत नाही. येशूचा शिष्य पेत्रही त्याला आपले पाय धुऊ देत नव्हता. वरून तो आदरच दिसतो. येशूने मात्र स्पष्ट सांगितलं, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

आणि खुद्द येशू? गेथशेमाने बागेत त्याने पित्याजवळ मागितलं, हा प्याला टळून जावो. मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द उच्चारले. शिष्यांनाही म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला मागण्यात कमीपणा वाटला नाही. मग मी कोणता मोठेपणा जपते आहे?

बार्तीमयाला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आंधळ्याला काय हवं, हे त्याला कळत नव्हतं असं थोडंच आहे! तरी ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं. म्हणून मघाशी मीही मोघम न बोलता नाव घेऊन मागितलं. प्रभू, बाबांनी तीच हाक पुन्हा मारली की माझ्या पोटात राग उसळतो. त्यांच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरते तेव्हा हात सांभाळून धरते, पण मन सांभाळता येत नाही. मला धीर दे. मला झेपत नाही, तू ये. त्याच्यापुढे ठेवायला या वेळी हातात काहीच नव्हतं, केलेल्या सेवेचा हिशेबसुद्धा नाही. खूप रडले. राग गेला की नाही, ते उद्याची हाक आली की कळेल.

एक मात्र नक्की. नामानाला मदत पोचली ती एका दासीच्या आणि नोकरांच्या तोंडून. देव माझ्याकडेही माणसांच्या हातून येणार असेल, तर माणसांपुढेही तोंड उघडायला हवं, आणि ते मला देवापुढे रडण्याहून जड जाणार आहे. बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळक नेहमीसारखं विचारतील, कुणाची काही विनंती आहे का? या वेळी मी सांगणार आहे. दुपारी तासभर बाबांजवळ कुणी बसेल का, मला झोप हवी आहे.