साकवावरून रिक्षा जातली काय?

आमच्या वाचनालयाच्या बातमी स्पर्धेला तीन परीक्षक असत आणि त्यातल्या एकीला वाचता येत नसे.

स्पर्धा दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी. १८३२ साली याच तारखेला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर मूळ पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्याच सिंधुदुर्गातले, देवगड तालुक्यातले. त्यामुळे तसबिरीला हार घालताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर घरचंच कार्य असल्याचा भाव असे. एका पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी, आणि संपादक विशीतला पोरगा, हे गुरुजी दरवर्षी त्याच शब्दांत सांगत. आम्ही दरवर्षी ऐकत असू, कारण त्यानंतर चहा आणि कांदाभजी असायची.

भाग घेणारे कोण? तालुक्यातले दोन-चार वार्ताहर, शाळेची मुलं, बँकेतला कारकून, एक निवृत्त पोस्टमन. वार्ताहर म्हणजे पगारी माणूस नव्हे. दुकान सांभाळून बातमी लिहायची, पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ती सापडली तर सापडली, असा तो कारभार. स्पर्धेत सगळ्यांना गावातला एकच प्रसंग दिला जाई. तो जाऊन बघायचा, दीडशे शब्दांत लिहायचा.

पहिले परीक्षक गुरुजी. ते लाल पेन घेऊन बसत. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’, ‘मोठ्या उत्साहात संपन्न’, ‘परिसरातून हळहळ व्यक्त होत आहे’, ‘अभिनंदनाचा वर्षाव’ हे शब्द दिसले रे दिसले की आडवी रेघ. एका वर्षी एकाच्या कागदावर रेघाच उरल्या होत्या. दुसरे परीक्षक पेपर एजंट. पहाटे गठ्ठे सोडणारा माणूस. लोक कोणतं पान आधी उघडतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते फक्त मथळा वाचून मार्क देत. मला ते अन्यायाचं वाटे. आता वाटत नाही.

तिसऱ्या परीक्षक काकी. बाजारात मासे विकायच्या. त्यांना प्रत्येक बातमी एकदाच मोठ्याने वाचून दाखवायची, मग त्यांनी ती आपल्या शब्दांत सांगायची. सांगता आली तर मार्क. नाही आली तर चूक लिहिणाऱ्याची. ही कल्पना कुणाची, यावरून आजही वाद आहे. तीन जण हक्क सांगतात.

मी पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा प्रसंग होता वहाळावरच्या नव्या साकवाच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या, उद्घाटनाचा. मी जीव ओतून लिहिलं. अध्यक्षस्थानी कोण, व्यासपीठावर कोण, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, चौदा नावं, सगळी आडनावासकट. वाचून झाल्यावर काकी गप्प. मग म्हणाल्या, “इतकी नावां सांगलंस, पण साकवावरून रिक्षा जातली काय?”

मला माहीत नव्हतं. मी साकवावर उभा राहून लिहून घेतलं होतं, पण त्याची रुंदी डोळ्यांनी मोजली नव्हती. साकव कोणत्या दोन वाड्या जोडतो, पावसात तिथल्या मुलांच्या शाळेचं काय व्हायचं, यातलं एक अक्षर माझ्या कागदावर नव्हतं. सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्याने हसला तो पोस्टमन. त्याची सोळा नावं होती.

पुढे मी दोनदा बक्षीस मिळवलं (शाईचं पेन आणि वाचनालयाची वर्षाची वर्गणी माफ), पण त्याबद्दल मला फारसं आठवत नाही. २०२१ साली करोनामुळे सभागृह बंद होतं, तेव्हा स्पर्धा मोबाईलवरच झाली. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनीही बातम्या पाठवल्या. काकींना त्या आवाजात पाठवायच्या आणि त्यांच्या नातवाच्या फोनवरून उत्तर यायचं, मागे कोंबडा आरवतोय. गंमत आली, पण भजी नव्हती.

मला आठवतं ते त्याच्या आधीचं एक वर्ष. त्या वेळी नियम बदलून ‘बातमी आपली आपण शोधा’ असं ठेवलं होतं. मोठ्यांनी पाणीटंचाई, रस्ते, बिबट्या असे भारदस्त विषय घेतले. शेवटी नववीतली एक मुलगी उठली. तिची बातमी जेमतेम पाच ओळींची. सकाळी स्टँडवर जाऊन तिने कंट्रोलरला विचारलं होतं. एसटीच्या दोन गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या आणि फलकावर मात्र जुन्याच होत्या.

काकींनी तिला पुरतं वाचूही दिलं नाही. “फाल्यापासून काय गो?”

“नाही काकी, आजपासून. संध्याकाळची पाचची आता पावणेपाचला सुटणार.”

काकींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार वाजून गेले होते. खुर्चीखालची पाटी उचलत त्या म्हणाल्या, “मार्क तुमीच घाला,” आणि भर कार्यक्रमातून स्टँडकडे चालत्या झाल्या.